थ्री-नॉट-थ्रीचे अवतार : फौजेतून निघालेल्या रायफलीचं पुढे काय झालं?

बेळगावात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथे आहे आणि आसपासच्या खेड्यांत फौजेतून पेन्शनीवर आलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्यामुळे आमच्या इतिहास मंडळाकडे जुन्या कागदांबरोबर जुन्या हत्यारांबद्दलचेही प्रश्न येतात. त्यातला एक वारंवार येतो : “घरात पणजोबांच्या वेळची रायफल आहे. लष्करी दिसते, पण पुढचं लाकूड अर्धंच आहे. ही खरी की खोटी? आणि नवी नळी, दुर्बीण वगैरे बसवून ती आज नेमबाजीला चालेल का?”

या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. लष्करी रायफल फौजेतून बाहेर पडली की तिच्यात बदल होतातच, सगळीकडे झाले आहेत. बदललेली रायफल म्हणून खोटी ठरत नाही. उलट काय कापलं, काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, यावरून ती कोणाच्या हातात द्यायची होती आणि त्या हातावर सरकारचा किती विश्वास होता, हे कळतं. एकाच जातीच्या रायफलीवर विलायतेत आणि हिंदुस्थानात जे संस्कार झाले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हा मुद्दा स्पष्ट होतो. या लेखात मी तेवढंच करणार आहे.

एक एन्फिल्ड, दोन वाटा

सुरुवात थ्री-नॉट-थ्रीच्याही आधीपासून करावी लागते. १८५३ सालची एन्फिल्ड रायफल आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे माहीत आहे. तोंडाकडून ठासून भरायची, पण नळीच्या आत पिळाचे चर असलेली. या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ, लांब जाते. गुळगुळीत नळीच्या मस्कटीचा नेम शंभर यार्डांच्या पुढे भरवशाचा नसे. एन्फिल्ड कित्येक शे यार्ड अचूक मारा करी.

१८५७ नंतर कंपनीच्या जागी राणीचं सरकार आलं आणि या एन्फिल्डमध्ये दोन तऱ्हेचे बदल झाले. गोऱ्या फौजेसाठी १८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती स्वीकारली गेली : नळीचा मागचा भाग कापून तिथे उघडझाप करणारं दार बसवायचं आणि काडतूस मागून भरायचं. जुनीच रायफल, पण गोळीबाराचा वेग कित्येक पट. हिंदी शिपायांसाठी याच्या नेमकं उलट झालं. १८५८ च्या नमुन्यात एन्फिल्डच्या नळीतले चर खरवडून काढून ती गुळगुळीत केली गेली आणि लांब पल्ल्याच्या बॅकसाइटच्या जागी साधी खाच ठेवली. खरवडल्यामुळे नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती वाकू लागली, म्हणून वर्षभरात जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. बाहेरून पाहणाऱ्याला ती एन्फिल्डच वाटावी, पण तिचा जीव काढून घेतलेला.

आपल्या मुलखात या गोष्टीला खास संदर्भ आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं जमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध बंड केलं. त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली होती; छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांना पुढे कराचीला नेऊन ठेवलं गेलं. म्हणजे ‘हत्यार कोणाच्या हातात असावं’ हा वाद इथे कागदावरचा नव्हता.

आता याच कोल्हापूरची दुसरी गोष्ट पाहा. तरुण राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीकाठचं त्यांचं स्मारक अनेकांना माहीत असतं. पण इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनला कोल्हापूरच्या राजांच्या नावाने दिलेला नेमबाजीचा चषक फारसा कोणाला ठाऊक नाही. १८७१ पासून त्यासाठी सामने होतात. आठ-आठ जणांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर नेम धरतात. इंग्रजी स्पेलिंगमुळे तिथले लोक त्याला ‘कोलापोर’ म्हणतात. हा चषक सुरू झाला तेव्हा ब्रिटिश फौजेच्या हातात स्नायडर होती, म्हणजे कापून-जोडून सुधारलेली एन्फिल्ड. चिमासाहेबांना हद्दपार करून फार वर्षं झाली नव्हती, आणि त्याच घराण्याच्या नावाचा चषक विलायतेच्या मैदानावर ठेवला गेला.

ली-एन्फिल्ड : बदल सोसणारी रायफल

जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने बोल्ट आणि खालून बसणारं मॅगझिन यांची जी रचना केली, त्यावर १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आणि १८९५ मध्ये ली-एन्फिल्ड आली. आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती बहुतेक वेळा १९०७ ची ‘मार्क ३’ असते : नळी सुमारे ६४ सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, वजन चार किलोच्या आत-बाहेर. नळीच्या टोकापर्यंत लाकूड, कारण शिपायाला तापलेली नळी धरून संगीन चालवावी लागे. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनत आली. दुसऱ्या महायुद्धात तिची धाकटी बहीण ‘नंबर ४’ आली. तिचा सांगाडा जास्त मजबूत, नळी जरा जाड आणि बॅकसाइट डोळ्याजवळ, भोकाची.

हिच्यात बदल करणं सोपं, कारण दस्ता आणि पुढचं लाकूड वेगळे, मॅगझिन सुटं, बोल्टचं डोकंही सुटं. एक भाग बदलला तरी बाकी रायफल तशीच राहते. म्हणूनच हिचे इतके अवतार झाले.

बिसलीचा कारागीर काय करतो?

नॅशनल रायफल असोसिएशनचे सामने १८६० मध्ये विम्बल्डनला सुरू झाले आणि १८९० मध्ये बिसलीला हलले. मैदानालगत दुकान थाटून बसलेलं फुल्टन घराणं ली-एन्फिल्डला ‘सरळ करण्यात’ नावाजलेलं होतं. त्यातल्या आर्थर फुल्टनने राजाचं बक्षीस १९१२, १९२६ आणि १९३१ असं तीनदा जिंकलं. असे कारागीर रायफलीला काय करत, हे क्रमाने सांगतो.

*लाकडाची बैठक.* सर्वांत मोठं काम हेच. नळी आणि पुढचं लाकूड कुठे टेकतात, कुठे सुटे राहतात, यावर नेम ठरतो. गोळी सुटली की नळी थरथरते. लाकूड पावसाने फुगलं किंवा उन्हाने आक्रसलं की त्याचा नळीवरचा दाब बदलतो आणि काल जिथे गोळी लागत होती तिथे आज लागत नाही. कारागीर लाकूड काढून बैठकीच्या जागा तासतो, गरज असेल तिथे तुकडा बसवतो, म्हणजे दर वेळी दाब सारखाच राहील. बाहेरून हे काम दिसतसुद्धा नाही.

*साइट.* लष्करी बॅकसाइट घाईत नेम धरण्यासाठी असते. स्पर्धकाला एक-एक टिचकीने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणारी भोकाची साइट लागते. वारा बदलला की नेमबाज तिच्यावर टिचक्या मोजतो. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीच्या साइट यासाठी प्रसिद्ध होत्या.

*चाप.* ली-एन्फिल्डचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिला टप्पा सैल, दुसऱ्याला गोळी सुटते. तो दुसरा टप्पा न अडखळता, दर वेळी तेवढ्याच जोराने सुटावा, एवढंच कारागीर पाहतो. चाप अति हलका करणं धोक्याचं, आणि स्पर्धेच्या नियमातही बसत नाही.

*नळी आणि काडतूस.* १९५० च्या दशकात नाटो देशांनी ७.६२ मिलिमीटरचं काडतूस ठरवलं. स्पर्धेसाठी सरकारी दारूगोळा मिळायचा तो आता त्याच मापाचा. मग जुन्या नंबर ४ रायफलींना ७.६२ ची नवी, जाड नळी चढवण्याची लाट आली. नव्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त असल्याने हे काम नंबर ४ च्या मजबूत सांगाड्यावरच झालं. ब्रिटिश फौजेने स्वतः युद्धकाळातल्या दुर्बीणवाल्या नंबर ४ घेतल्या, जाड नळी लावली, पुढचं लाकूड अर्ध्यावर आणलं आणि १९७० च्या सुमारास ‘एल ४२’ ही स्नायपर रायफल उभी केली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती होती. मुळात १८८८ च्या रचनेवरची रायफल शंभरीला टेकेपर्यंत कामात राहिली.

यात एक मौजेची गोष्ट आहे. लीच्या बोल्टची कुलपं मागे असल्याने गोळी सुटताना सांगाडा किंचित दबतो आणि नळीचं तोंड वर-खाली हलतं. शास्त्रीय दृष्टीने हा दोष. पण मंद सुटलेली गोळी नळीतून जराशी उशिरा निघते, त्या क्षणी तोंड थोडं वर आलेलं असतं, आणि मंद गोळी जेवढी खाली यायची तेवढी तिला उंची मिळून जाते. म्हणून जवळच्या निशाण्यावर जर्मन धाटणीच्या मॉउझर रायफली सरस ठरल्या तरी नऊशे-हजार यार्डांवर म्हातारी ली-एन्फिल्ड त्यांना भारी पडायची. तिथल्या चांगल्या कारागिरांनी हा दोष काढायचा प्रयत्न केला नाही, त्याला सांभाळून घेतलं.

शिकारीची करवत

दुसरी वाट कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली. युद्धानंतर लाखो रायफली सरप्लसमध्ये स्वस्तात विकल्या गेल्या. हरणाच्या शिकारीला चार किलोचं धूड कोण वागवणार? मग वरचं लाकूड काढून टाका, पुढचं अर्ध्यावर कापा, नळी थोडी आखूड करा, दहाऐवजी पाच गोळ्यांचं मॅगझिन लावा, सांगाड्याला भोकं पाडून दुर्बीण बसवा. काही कारखान्यांनी हे काम नेटकं केलं, पण घरोघरच्या लोखंडी करवतींनी केलेलंच जास्त. तेव्हा रायफल काडीमोल होती, म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही. आज मूळ रूपातली रायफल शोधणारे संग्राहक त्या अर्धवट लाकडांकडे पाहून हळहळतात, आणि कापलेल्या रायफलींना जुनी लाकडं शोधून पुन्हा लावतात. भोक पाडलेला सांगाडा मात्र पुन्हा अखंड होत नाही.

आणि इकडे?

हिंदुस्थानातही ली-एन्फिल्डचे अवतार झाले, पण दिशा वेगळी. एकेक पाहू.

पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ईशापूरला जुन्या थ्री-नॉट-थ्रींची नळी मोठी करून .४१० ची गुळगुळीत केली गेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. म्हणजे एका वेळी एकच गोळी. कारण दोन. दंगलीत लांबवर जाणारी गोळी नको. आणि हत्यार हिसकावलं गेलंच तर फौजेची काडतुसं त्यात चालू नयेत. १८५८ चीच युक्ती, सत्तर-ऐंशी हजार नव्हे तर एक गोळी सुद्धा जपून देणाऱ्या त्याच मनाने काढलेली. पोलिसांत तिला ‘मस्कट’च म्हणत.

शिकारी सावकार-संस्थानिकांसाठी दुसरी तऱ्हा. फौजेच्या मापाची रायफल खाजगी हाती नको, म्हणून सरकारने लष्करी बोअरवर बंदी घातली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या .४५० मापावरही हिंदुस्थान आणि सुदानमध्ये बंदी आली, तेव्हा हॉलंड अँड हॉलंडने ‘इंडिया अँड सुदान’ या नावाने वेगळं माप काढलं. बीएसए कंपनीने ली-बोल्टचीच रायफल ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसाच्या ८ मिलिमीटर मापात, म्हणजे .३१५ मध्ये दिली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने ती बनवली आणि आजही परवानाधारकाकडे दिसते ती ‘तीनशे पंधरा’ हीच. दिसायला थ्री-नॉट-थ्रीची बहीण, पण तिचं काडतूस कायद्यासाठी बदललेलं.

तिसरा अवतार आपल्यापैकी कित्येकांनी खांद्याला लावला आहे : एनसीसीची पॉइंट टू-टू. ‘नंबर २ मार्क ४’ हा नमुना मुळात एसएमएलईच्या रूपांतरातून आला. नळीत बारीक बोअरची आतली नळी किंवा पूर्ण नवी नळी, आणि बोल्टचं डोकं बदललेलं, कारण टू-टूच्या काडतुसाला पिन मध्यभागी नाही, कडेवर मारावी लागते. गोळी एकेक हाताने भरायची. मग खालचं मोठं मॅगझिन कशाला ठेवलं? रिकाम्या पुंगळ्या पडायला! वजन आणि ठेवण मूळ रायफलीसारखी, म्हणून कॅडेटला सवय खऱ्या हत्याराची होते आणि खर्च टू-टूचा.

चौथा अवतार स्वतंत्र भारताचा. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने मार्क ३ च्याच ठेवणीत, पण अधिक चांगल्या पोलादात, ७.६२ ची ‘२ए’ रायफल नव्याने बनवली. मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. पहिल्या नमुन्याची बॅकसाइट २००० मीटरपर्यंत होती. पुढच्या ‘२ए१’ मध्ये ती व्यवहाराला धरून ८०० वर आणली. हे जुन्याचं रूपांतर नव्हे, पण या मातीत ली-एन्फिल्डची ताकद वाढवणारा बदल पहिल्यांदा झाला तो इथे, सरकार आपलं झाल्यावर. गंमत म्हणजे याच २ए१ पुढे अमेरिकेच्या सरप्लस बाजारात गेल्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या नळ्या-लाकडं कापून आखूड ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या.

घरातली रायफल वाचायची कशी?

आधी परवानाधारक बंदूक-कारागिराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. मग नुसतं पाहायचं.

दस्त्याजवळच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, ‘ईशापूर’ किंवा ‘एन्फिल्ड’ आणि साल असतं. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभ येतो. पुढच्या लाकडाला आडवा स्क्रू असेल तर तो बहुधा ईशापूरचा. लाकूड चिरू नये म्हणून तिथे घालत. लाकडावर तारेचे वेढे असतील तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा म्हणजे पोलिसी मस्कट. ‘डीपी’ अक्षरं म्हणजे कवायतीची; ती कधीच झाडायची नसते. लाकूड अर्धं असेल तर त्याचं टोक पाहा. कारखान्यात घडवलेलं टोक गोल, घासलेलं, कधी शिंगाची टोपी लावलेलं असतं. घरच्या करवतीचं टोक लगेच ओळखू येतं.

मग आज बदल करावा का?

आधी कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आहे. .३०३ आणि ७.६२ ही मापं आजही सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. कायद्याच्या सहाव्या कलमानुसार खास परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने हत्यार एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बदलणंही त्यात आलं. त्यावरचे नंबर-शिक्के घासून काढणं आठव्या कलमात बसतं. दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुन्या धाटणीचं किंवा पुरातन मोलाचं हत्यार ४५ व्या कलमात वगळलं आहे, पण आपलं हत्यार त्यात बसतं की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात नोंद दाखवून लेखी विचारावं.

ज्याला नेमबाजीच करायची आहे, त्याच्यासाठी क्लब आहेत, एअर रायफल आहे, टू-टू आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, बडोद्यात जन्मलेले आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत दर वर्षी देशभरातली मुलं उतरतात. ज्या देशात नळीतले चर खरवडून शिपायाच्या हाती बंदूक दिली गेली, तिथे अचूक नेम हा नागरिकाचा खेळ व्हावा, हा फरक लहान नाही.

आणि घरातली ती रायफल? तिला पॉलिश करू नका, लाकूड घासू नका, भोक पाडू नका. परवाना आणि हत्यार यांचे नंबर जुळतात का, ते पाहा. चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक शिक्क्याचा वेगळा. कोणाकडून, कधी, कोणत्या कागदावर ती घरात आली, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढचं लाकूड कापलेलं असेल तर ते कोणी कापलं आणि कशासाठी, हेही लिहा. शिक्के शंभर वर्षांनीही वाचता येतील. हे सांगणारं माणूस मात्र तोवर नसेल.